सात साखळ्या कमी पडलेला मैल

मैल गेला आणि किलोमीटर आला तेव्हा भाईंदर-उत्तन रस्त्यावर सगळ्यांत जास्त शिव्या मी घातल्या असतील. सरकारी माणसं जुने दगड उपटून नवे रोवत होती आणि मी सायकल आडवी टाकून त्यांच्याशी भांडत उभा. त्यांच्यातला एकजण समजुतीनं म्हणाला, काका, दगडच तो, चार हात इकडे काय नि चार हात तिकडे काय. झालं, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला मी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा चहा प्यायला निघून गेला आणि मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या आळीत म्हणायचे, याला राग आला की पळू द्या, मैलभरात आपोआप थंड होतो. ते खरंच होतं. आयुष्यभर मी एकच अंतर पळालो, मैल. अर्धा मैल मला पोरखेळ वाटायचा आणि दोन मैल म्हणजे हमाली. पहिल्या पाव मैलात माज असतो, मग जरा शहाणपण येतं, मग पश्चात्ताप होतो आणि शेवटी देव आठवतो. साठीपर्यंत पळालो. आता चालतो, पण मैलच चालतो.

आमचं घर राई गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून. दोन्ही बाजूंना मिठागरं. मी नऊ वर्षांचा असताना बाप तापानं गेला आणि आई मिठागरात मीठ वाहायला जाऊ लागली. डोक्यावर पाटी, पाय खाऱ्या पाण्यात, सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत. तिच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यांत बोट जाईल. संध्याकाळी ती त्यांत तेल भरत बसायची. हिला या पाण्यातून बाहेर काढायची, एवढं एकच माझ्या डोक्यात असायचं. कशी काढायची ते मात्र ठाऊक नव्हतं.

ते मला दाखवलं तारबाबूंनी. भाईंदर स्टेशनात हे बाबू तारा घ्यायचे आणि पाठवायचे. घाटावरचा एकटा माणूस, पानाचा शौकीन, बोलायला लागला की थांबायचा नाही. मिठागराच्या कचेरीची तार आली की जो समोर दिसेल त्याला ते पिटाळायचे. तेरा-चौदा वर्षांचा असताना एकदा मला पिटाळलं. मी परत आलो तेव्हा बाबूंचा चहा अजून संपायचा होता. त्यांना वाटलं, कार्ट्यानं तार खाडीत भिरकावली आणि आला परत. त्यांनी माझा कान धरला. मी त्यांचा हात झटकला आणि सहीचा कागद त्यांच्या टेबलावर आपटला. बाबूंनी कागद पाहिला, घड्याळ पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. त्या दिवसापासून ते जे माझ्या मागे लागले ते त्यांची बदली होईपर्यंत.

त्यांच्याकडे सेकंदकाट्याचं खिशातलं घड्याळ होतं आणि एक खिळखिळी सायकल. मैलाचं वेड त्यांनीच माझ्या डोक्यात भरलं. ते सांगायचे की मुंबईतल्या मोठ्या कचेऱ्या पळणाऱ्या पोरांना नोकरीवर ठेवतात. कचेरीच्या नावानं शर्यतीत पळायचं, बाकी वेळ फायली इकडून तिकडे न्यायच्या. मात्र मैल पाच मिनिटांच्या आत पळणारा पाहिजे. बाबूंच्या ओळखीचा एक मोठा कारकून तशा कचेरीत होता. मला बाकी काही कळलं नाही, एवढं कळलं की मैल पाच मिनिटांच्या आत आला की आई पाण्याच्या बाहेर आली.

पळायचो आम्ही मुर्धा गावाकडच्या मैलाच्या दगडापासून आमच्या घराजवळच्या दगडापर्यंत. रस्ता मुरमाचा, सरळसोट. दोन्हीकडे मिठाचे सारखेच पांढरे चौकोन, झाड औषधाला नाही. बाबू एका हातात सायकलचं हँडल आणि दुसऱ्या हातात घड्याळ धरून माझ्या बाजूनं यायचे. दोनदा मिठागरात पडले. दोन्ही वेळा आख्खे बाबू पाण्यात आणि घड्याळाचा हात तेवढा वर.

आमच्याकडचा दगड साधा नव्हता. कधीतरी बैलगाडीवाल्यांनी त्याला शेंदूर फासला होता आणि सरकारनं कोरलेला आकडा त्याखाली बुजून गेला होता. बायका त्याला वाटेचा देव म्हणायच्या. आई मिठागरात जाताना रोज त्याच्यासमोर फूल ठेवायची. मैल संपला की मी देवाच्या डोक्यावर हात टेकायचा आणि मगच बाबूंनी घड्याळ बघायचं, असा आमचा नेम होता.

आणखी एकजण असायचा, उत्तनकडच्या पाली गावचा. त्याला मी पालीचाच म्हणायचो, पुढेही तसंच म्हणतो. ख्रिस्ती कोळी, माझ्याच वयाचा, दर्यावर जायचा. वाळूत पळून त्याच्या पिंढऱ्या दगडासारख्या झालेल्या. मुर्ध्यापासून तो माझ्या पुढे पळायचा, मला ओढत न्यायचा आणि बरोबर अर्ध्या मैलावर बसकण मारून विडी पेटवायचा. पुढे का येत नाहीस विचारलं तर म्हणायचा, मासे मागे लागले तर येईन. आमच्या घराकडे यायचा तेव्हा मात्र आमच्या देवापुढे छातीवर क्रूस करायचा. देव कोणाचाही असो, हात जोडायला काय जातं, असं त्याचं म्हणणं.

दोन वर्षं झाली तरी माझी पाच मिनिटं वीस सेकंदं हलेनात. अठरा कधी, बावीस कधी. बाबू दूध पी म्हणायचे, पालीचा सुके बोंबील खा म्हणायचा. मी चिडायचो आणि आणखी वाईट पळायचो. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आईनं मला नवघरला मामाकडे भातलावणीला पाठवलं. चार महिने मी चिखलात होतो. पळणं बंद.

गणपती, नवरात्र सगळं उरकून परत आलो. रस्ता वाळला तसं बाबूंनी सायकल काढली. मी म्हटलं, आज नुसते पाय मोकळे करतो, जास्त अपेक्षा ठेवू नका. पळालो, देवाच्या डोक्यावर हात टेकला. देवाला आता दगडमातीचा छान ओटा झाला होता, बांधाशेजारी जरा उंचावर. बायकांनी बांधला असेल, असं मनात आलं आणि गेलं. मागे वळून बघतो तर बाबू सायकलवरून उतरून रस्त्यातच उभे. चार मिनिटं बावन्न.

दोन दिवसांनी पुन्हा पळालो. चार त्रेपन्न. मग चार एक्कावन्न. बाबू सरळ रस्त्यावर बसले आणि त्यांनी टोपी काढली. त्यांच्या मते माझं अंग भरलं होतं. पालीच्याच्या मते मामाच्या नव्या तांदळाचा गुण. आईनं त्या दिवशी देवाला नारळ फोडला आणि आळीत खोबरं वाटलं. मी नवघरला असताना तिनं नवस केला होता, हे मला शेजारणीनं सांगितलं. मी तर हवेतच होतो. चार महिने न पळता माणूस अठ्ठावीस सेकंदं सुधारतो कसा, हा प्रश्न आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. आम्ही तिघे शहाणे, उंटावरचे.

बाबूंनी कारकुनाला पत्र लिहिलं. थंडीत मुंबईच्या एका मैदानावर कचेऱ्यांच्या शर्यती होत्या, त्यांत मला पळवून बघायचं ठरलं. पहिल्या दोघांत आलास तर नोकरी पक्की. आईनं आदल्या दिवशी माझी चड्डी धुऊन, घडी करून उशाखाली ठेवली.

गवतावर चुन्यानं आखलेला गोल, त्याच्या चार फेऱ्या. मी अनवाणी, बाकीच्यांच्या पायांत खिळ्यांचे बूट. तरी मी घाबरलो नाही. तीन फेऱ्या मी दुसरा होतो, चौथीला पुढे निघालो. मला आठवतंय, बाबू आतल्या बाजूनं टोपी हलवत पळत होते. शेवटचं वळण आलं, समोर फीत दिसली, आणि माझे पाय म्हणाले, झालं. म्हणजे अक्षरशः. दमलो नव्हतो, पोटात कळ नव्हती. पायांना वाटलं मैल संपला. माझा हातसुद्धा देवाच्या डोक्यावर टेकायला आपोआप खाली गेला. मी त्यांना हाकतोय आणि ते नुसते पडतायत. एक पुढे गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. पाच मिनिटं चोवीस.

आळीत मी एवढंच सांगितलं की हरलो. मुंबईची गर्दी बघून पोरगं बुजलं, असं लोक म्हणाले. मी सगळ्यांशी भांडलो. आईनं मला जेवायला वाढलं आणि दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन ती मिठागरात गेली.

बाबूंना वाटलं, घड्याळच खोटं बोललं. त्यांनी ते दुरुस्तीवाल्याकडे नेलं. घड्याळ ठणठणीत. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, रुळांच्या कामावरच्या माणसांकडून त्यांनी मापाची लोखंडी साखळी मागून आणली. अशा ऐंशी साखळ्या म्हणजे एक मैल. एका रविवारी मी, बाबू आणि पालीचा मुर्ध्याच्या दगडापासून साखळी टाकत निघालो. मी पुढे, पालीचा मागे, बाबू मोजायला. त्र्याहत्तराव्या साखळीला देव आला.

सात साखळ्या. दीडशे यार्डांहून जास्त. बाबूंनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा त्र्याहत्तर. आणखी सात साखळ्या टाकत पुढे गेलो तर रस्त्याच्या कडेला गवतात एक जुना खड्डा होता, दगड उपटल्यावर राहतो तसा.

मी घरी गेलो तो फणफणत. कोणी केलं हे, त्याचे हातपाय तोडतो, असं वाटेत दोघा-तिघांना सांगूनही झालं. आई चुलीपाशी होती. मी ओरडून विचारलं, वाटेचा देव हलवला कोणी? तिनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता, इतक्या दिवसांनी पोरानं विचारलं म्हणून.

"मीच. गाडीच्या चाकानं उखडला, देव तोंडावर गटारात पडला व्हता. मी काय त्याला तसाच ठेवू? चार बायका घेतल्या न् उंचावर कोरड्यात आणला. तवापासून तर तुझे पाय सुटले."

मी नवघरला होतो तेव्हाची गोष्ट. सगळ्या आळीला ठाऊक होती. कोणी मला सांगितली नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? देव चिखलात पडला, बायकांनी उचलला. दगडाचा आणि मैलाचा संबंध आहे हे आम्हा तिघांना ठाऊक होतं आणि दगड हलला हे बाकी सगळ्यांना.

आपलेच दात, आपलेच ओठ. आयुष्यात एवढा राग मी कधी गिळला नव्हता. गिळला, आणि म्हटलं, बरं केलंस. बाहेर येऊन बांधावर बसलो. बाबू म्हणाले, बांधकाम खात्याला लिहितो, दगड जागेवर नेतील. मी त्यांच्यावरच भडकलो. खबरदार लिहाल तर, म्हटलं. आईला कळलं असतं की पोराची नोकरी तिच्या हातानं गेली, तर ती त्या दिवसापासून जेवली नसती. मग आम्ही तिघांनी त्या जुन्या खड्ड्यात एक लाकडी खुंटी ठोकली. पुढे मैल तिथपर्यंत. आईनं विचारलं तेव्हा सांगितलं की सवय व्हावी म्हणून जरा जास्त पळतोय.

त्यानंतरची वर्षं अशीच गेली. मुंबईहून पुन्हा बोलावणं आलं नाही. बाबूंची बदली झाली. मी मिठागरात लागलो, लग्न झालं. आईला घरी बस म्हटलं तर म्हणायची, बसून हाडं गंजतील. माझ्या एकट्याच्या कमाईत भागतही नव्हतं, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. मैल चालूच होता, कधी आठवड्याला, कधी महिन्याला. लढाई सुरू झाली आणि पालीचा गोदीत कामाला लागला. त्याच्या मनगटावर घड्याळ आलं, बुडाखाली सायकल आली. बाबूंच्या जागी तो माझ्या बाजूनं येऊ लागला. फरक एवढाच की हा मिठागरात पडायचा नाही.

मी सत्तावीस-अठ्ठावीसचा असेन. पालीच्याचे उपासाचे चाळीस दिवस चालू होते. त्या दिवसांत तो विडीसुद्धा सोडायचा, मग त्याच्याशी बोलणं कठीण. माझं पळून झालं होतं आणि मी बांधापलीकडे तोंडावर पाणी मारत होतो. तो खुंटीपाशी बसला होता. आई रिकामी पाटी घेऊन परत येत होती, ती त्याच्यापाशी थांबली. ही खुंटी कसली, तिनं विचारलं. इतकी वर्षं बघत होती, कधी विचारलं नव्हतं. एरवी त्यानं दहा थापा मारल्या असत्या. पण उपासात खोटं बोलायचं नाही. त्यानं सगळं सांगितलं, मुंबईसकट.

मी वर आलो तेव्हा आई खुंटीपासून देवापर्यंत चालत निघाली होती. तिथे पोचली, वळली आणि पुन्हा चालत खुंटीकडे आली. सावकाश, एकेक पाऊल बघत. मला काही कळेना. मग पालीच्याचं तोंड बघितलं आणि कळलं.

"एवढं कमी पडलं व्हतं?" आईनं विचारलं.

मी नाही नाही म्हणालो. बूट नव्हते म्हणालो, गर्दी होती म्हणालो, मग काही सुचेना तेव्हा पालीच्याची गचांडी धरली. आईनं माझा हात सोडवला. त्याला कशाला मारतोस, म्हणाली, खरं बोलला तो.

त्या संध्याकाळी तिनं माझ्या बायकोला सांगितलं, माझं वेगळं काढ, मीठ घालू नको. आमच्यात नवसाला काहीतरी सोडतात. कोणी पान सोडतं, कोणी चहा, कोणी मासे. आईनं मीठ सोडलं. पोराचा मैल पुरा होईतो, म्हणजे खुंटीपर्यंत पाच मिनिटांच्या आत. देवापुढे बोलून आली होती, आता बदल नाही. रोज मिठात उभी राहणारी, डोक्यावरून मीठ वाहणारी बाई आणि अळणी भात खाणार. आळीतले लोक आधी हसले, मग हसायचे थांबले.

चैत्र लागला. मिठागरात माणूस पाण्यासारखा घाम गाळतो, तो बाहेर निघालेला खार परत पोटात जायला हवा. आईच्या पायांत गोळे यायला लागले. हात कापायला लागले. बायकोनं एकदा आमटीत नखभर मीठ टाकून बघितलं, आईनं पहिल्या घासालाच ताट सरकवलं. मी भांडलो, रडलो, देवाला शिव्या दिल्या, दगड उपटून खाडीत टाकतो म्हणालो. ती म्हणाली, टाक, नवस दगडाला नाही, देवाला बोललेय. एका दुपारी ती पाटीसकट बांधावर कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा तिनं पाणी मागितलं आणि ओठांना लागलेलं मीठ पदरानं पुसून मगच प्यायली.

पावसाला दीड महिना होता. एकदा पाऊस लागला की रस्त्याचा चिखल, मग दिवाळीपर्यंत मैल नाही. तोवर ही बाई राहील का, मला सांगता येत नव्हतं. आयुष्यात मी तेवढा कधी पळालो नाही. सकाळ-संध्याकाळ. बायको माझ्या ताटात स्वतःच्या वाटचे मासे सरकवायची. पाच बारा, पाच नऊ, पाच सहा. पाच सहावर गाडी अडली.

मिठागरं बंद व्हायला चार दिवस उरले तेव्हा पालीच्यानं गोदीतून रजा घेतली. मुर्ध्याच्या दगडापाशी तो म्हणाला, आज मी गप्प राहतो, तू पळ. पहिला अर्धा मैल मला आठवतही नाही. तिसऱ्या पावात छाती फुटायला आली. देवाच्या ओट्यावर आई बसली होती, इतकी बारीक झालेली की दुरून मला वाटलं कोणी पोरच बसलंय. तिच्यासमोरून मी गेलो तेव्हा तिनं हात जोडले होते. मग त्या सात साखळ्या. मी खुंटीवर आडवा झालो.

पालीचा घड्याळाकडे बघत उभा होता. मी मान वर करून त्याचं मनगट ओढलं. पाच मिनिटं दोन सेकंद.

आई ओट्यावरून उठून येत होती. त्या सात साखळ्या यायला तिला केवढा वेळ लागला. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही, ती त्याच्यासमोर उभी राहिली. खरं बोलणारा तोच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"किती झाली?"

पालीच्यानं घड्याळावर तळवा ठेवला. "चार मिनिटं अठ्ठावन्न, आये. पुरा मैल."

एका सेकंदासाठी मी बाबूंशी आठ-आठ दिवस अबोला धरलेला माणूस. माझं तोंड उघडलं होतं. पालीच्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. आईनं तिथेच, भर रस्त्यात, देवाकडे तोंड करून डोकं टेकलं. मी तिला उचललं तेव्हा तिचं काही वजनच लागलं नाही.

घरी बायकोनं भात वाढला, वर आंबट-तिखट मासळी. आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, खारट झालंय. मग सगळं जेवली आणि पुन्हा भात मागितला. मी मागच्या दारी जाऊन पोटभर रडलो. पालीचा त्या रविवारी पाद्रीबाबांकडे जाऊन आपलं खोटं सांगून आला. पश्चात्ताप होतो का, असं बाबांनी विचारलं म्हणे. हा म्हणाला, नाही होत. मग त्याला दुप्पट प्रार्थना म्हणाव्या लागल्या.

आई त्या पावसाळ्यात भरली. पुढच्या हंगामात मी तिला मिठागरात जाऊ दिलं नाही. बायको कामाला येऊ लागली आणि आई घर बघू लागली. आल्यागेल्याला सांगायची, माझ्या पोरानं मैल पुरा केला. लोक विचारायचे, किती वेळात? ती म्हणायची, चार अठ्ठावन्न. मिनिट म्हणजे काय हे तिला धड ठाऊक नव्हतं, पण आकडा पाठ होता. दर वेळी ऐकून माझा जीव खाली-वर व्हायचा. पाच मिनिटांच्या वर गेलेली ती दोन सेकंदं. मी ठरवलं, ती आहे तोवर हे खोटं खरं करायचं.

दोन वर्षं लागली. स्वातंत्र्य आलं त्या पाठोपाठची थंडी. रविवारची सकाळ, वारा पाठीवर. पालीचा सायकलवरून पहिल्यांदाच ओरडत होता, कारण त्याला आधीच कळलं होतं. खुंटीपाशी त्यानं सायकल फेकून दिली आणि घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. चार मिनिटं एकोणसाठ. पुरा मैल, ऐंशीच्या ऐंशी साखळ्या. दोन बाप्ये रस्त्यात एकमेकांना धरून नाचलो. मिठागरातल्या बाया थांबून बघत राहिल्या. तो म्हणाला, आता माझं खोटं अर्धं तरी माफ. मी म्हटलं, आधी आईला सांगतो, आणि धावत सुटलो. मैल पळालेले पाय आहेत हे विसरूनच गेलो.

आई अंगणात उन्हात सुपात जवळा घेऊन निवडत बसली होती. मी धापा टाकत तिच्यासमोर उभा राहिलो. तिनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघितलं.

"आज एवढा हसतोस कशाला?"

मी तोंड उघडलं. आणि मला कळलं की हिला सांगण्यासारखं माझ्यापाशी काहीच नाही. तिचा मैल दोन वर्षांपूर्वीच पुरा झाला होता.

"काही नाही," मी म्हटलं. "भूक लागलीय."

तिनं सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि मला वाढायला आत गेली.